उशिरा हाक आलेल्यांची नोंद

मुळा-प्रवरेच्या खोऱ्यात, उसाच्या आणि क्रिकेटच्या सहवासात वाढलेल्या राहुरीकर वाचकाला अमेरिकेतील बेसबॉलशी, त्यातही अर्धशतकापूर्वीच्या बेसबॉलशी, आणि त्यातही सामन्याच्या उत्तरार्धात मदतीला धावून येणाऱ्या तेथील गोलंदाजांशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास तो अप्रस्तुत ठरणार नाही. तथापि १९७५ ते १९८१ या सहा-सात वर्षांत त्या गोलंदाजांच्या वाट्याला जे स्वातंत्र्य, जी किंमत आणि, माझ्या मते या दोहोंहून मोलाची, जी लेखी नोंद आली, तिचा वृत्तांत ध्यानात घेतला म्हणजे आपल्या राज्यातील आणि विशेषतः आपल्या जिल्ह्यातील खेळाडूंचे केवढे देणे आपण थकवून ठेवले आहे हे स्पष्ट दिसू लागते. आणि ते देणे आता चुकते केले पाहिजे, एवढेच मला आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये दोन टोकांकडून पाळीपाळीने षटके पडतात आणि दमलेला गोलंदाज सीमारेषेवर तासभर विसावून पुन्हा चेंडू हाती घेऊ शकतो. बेसबॉलमध्ये मात्र एका वेळी संघाचा एकच पिचर असतो, तो थकेपर्यंत किंवा फटके खाईपर्यंत टाकत राहतो, आणि एकदा त्याला बदलले की त्या सामन्यापुरते त्याचे काम कायमचे संपते. त्याच्या जागी जो येतो तो रिलीफ पिचर. तो बहुधा संकटातच येतो: आघाडी एखाद्या धावेची, प्रतिपक्षाचे गडी धाव पुरी करण्याच्या बेतात, आणि चूक सुधारण्यास पुढे डावच शिल्लक नाही. असे असूनही कित्येक दशके हे काम दुय्यम प्रतीचे, ज्याला पहिल्या डावापासून टाकण्याची पात्रता नाही अशाच्या गळ्यात घालावयाचे, असे समजले जाई. आणि त्याचे एक कारण असे की, ते मोजण्याचे मापच कोणी निर्माण केले नव्हते. सामना जिंकल्याचे श्रेय कागदावर दुसऱ्याच्या नावे पडे आणि तो राखणारा मनुष्य हिशेबातून गळून जाई. शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना ही गोष्ट खटकली; त्यांनी आघाडी सांभाळून सामना शेवटास नेणाऱ्या पिचरच्या खाती ‘सेव्ह’ नावाची नोंद करण्याची पद्धत सुचवली, आणि १९६९ साली ती अधिकृत झाली. एका वृत्तपत्रीय लेखणीने एका उपेक्षित वर्गाला हिशेबाच्या वहीत रकाना मिळवून दिला, ही गोष्ट वृत्तपत्रात लिहिणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

माप मिळाले तरी मोल मिळणे बाकी होते. तेथील प्रत्येक करारनाम्यात एक कलम असे की, मुदत संपल्यावर संघमालकाने तो करार एक वर्षाने वाढवून घ्यावा. आणि मालक त्याचा अर्थ असा लावीत की, ते वाढीव वर्षही संपले की पुन्हा एक वर्ष, आणि असे आजन्म. राहुरी-श्रीरामपूरच्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगण्यास फार शब्द खर्ची घालावे लागणार नाहीत, कारण १९८४ च्या शासकीय आदेशाने साखर कारखान्यांची कार्यक्षेत्रे राखीव असताना ज्याचे शिवार ज्या कारखान्याच्या हद्दीत, त्याने आपला ऊस त्यालाच घालावयाचा, मग शेजारचा कारखाना टनामागे कितीही चढा भाव देवो, हा अनुभव त्याने १९९७ साली झोनबंदी उठेपर्यंत स्वतः घेतलेला आहे. ऊस ज्याचा, कष्ट ज्याचे, त्यालाच गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नाही, ही जी व्यथा शेतकरी संघटनेने त्या काळी गावोगाव मांडली, तीच व्यथा सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम काढलेल्या कर्ट फ्लड या खेळाडूने, १९६९ साली त्याला परस्पर फिलाडेल्फियाच्या हवाली करण्यात आले तेव्हा, बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून मांडली होती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला; त्याची कारकीर्द त्या लढ्यात संपुष्टात आली. परंतु त्याने उघडलेल्या वाटेने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर १९७५ च्या हंगामात नव्या करारावर सही न करता खेळले, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, त्यानंतर खेळाडू मोकळा.

या मोकळिकीचा पहिला लाभ कोणास झाला हे पाहण्यासारखे आहे. १९७६ च्या नोव्हेंबरात मोकळ्या झालेल्या खेळाडूंची पहिली तुकडी बाजारात आली, तेव्हा त्यांत नव्या संघाशी सर्वप्रथम करार करणारा मनुष्य कोणी षटकारांचा राजा नव्हता. तो बिल कँपबेल नावाचा रिलीफ पिचर होता. मिनेसोटाच्या मालकाने त्याने मागितलेली किरकोळ पगारवाढ नाकारली होती. त्या हंगामात त्याने १७ सामने जिंकून आणि २० राखून दाखवले, आणि बोस्टनने त्याला पाच वर्षांसाठी सुमारे दहा लक्ष डॉलर दिले. त्याच वर्षी जूनमध्ये ओकलंडचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी आपला रिलीफ पिचर रॉली फिंगर्स याला दहा लक्ष डॉलरला बोस्टनला विकून टाकण्याचा घाट घातला होता आणि आयुक्त बोवी कून यांनी ती विक्री रद्द ठरवली होती. म्हणजे या माणसाच्या हाताची किंमत मालकाला चांगली ठाऊक होती, फक्त ती किंमत स्वतःच्याच खिशात पडावी अशी त्याची इच्छा होती. पुढच्या डिसेंबरात फिंगर्स स्वतःच्या पायांनी सॅन डिएगोला गेला. १९७४, ७५ आणि ७६ या तीन वर्षांत जे अशक्य वाटत होते ते असे घडले, आणि ते घडण्यास एका बाजूने होल्ट्झमन यांचा रकाना व दुसऱ्या बाजूने साइट्झ यांचा निवाडा, अशी दोन्ही चाके लागली. रकाना नसता तर किंमत कशाच्या आधारे मागितली असती? आणि मोकळीक नसती तर रकान्यातील आकडे मालकाच्याच कपाटात राहिले असते.

हे सारे गोडच होते असेही नाही. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा स्पार्की लायल १९७७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला, आणि त्याच नोव्हेंबरात संघाने रिच गॉसेज हा मोकळा झालेला दुसरा रिलीफ पिचर आणून त्याच्या डोक्यावर बसवला. वर्षभराने लायलला टेक्सासला धाडण्यात आले. खुद्द मेसरस्मिथला अटलांटाच्या टेड टर्नर यांनी १७ क्रमांकाचा सदरा दिला आणि त्या क्रमांकावर नावाच्या जागी ‘चॅनेल’ हा शब्द शिवला, कारण टर्नर यांची दूरचित्रवाणी वाहिनी १७ क्रमांकाची होती. लीगने तो प्रकार बंद पाडला. नुकत्याच बंधमुक्त झालेल्या माणसाची पाठ जाहिरातीच्या फळीसारखी वापरली जावी याची खंत वाटते. परंतु स्वातंत्र्याचा दुरुपयोग होतो म्हणून स्वातंत्र्यच नको, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

आता त्या काळाच्या चित्रपत्त्यांकडे वळतो, कारण माझ्या प्रतिपादनाचा गाभा तेथे आहे. ब्रुकलिनची टॉप्स ही कंपनी बबलगमच्या पाकिटात खेळाडूंची रंगीत चित्रे घालून विकत असे. पुढच्या बाजूस छायाचित्र, मागच्या बाजूस जन्मगाव, उंची, वजन आणि वर्षावार कामगिरीचे कोष्टक. त्या चित्राच्या हक्कापोटी खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर मिळत, आणि ही कंपनी त्यांना होतकरू वयातच सहीला पाच डॉलर देऊन बांधून घेत असे. १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेची सूत्रे मार्व्हिन मिलर यांच्याकडे आली. ते पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून वावरलेले. त्यांनी मालकांशी मोठे युद्ध मांडण्यापूर्वी या लहान पत्त्याकडे पाहिले. त्यांनी खेळाडूंना टॉप्सचे करार नूतन करू नका असे सांगितले, खेळाडूंनी ते ऐकले, आणि कंपनीला रक्कम दुप्पट करून वर विक्रीतील टक्केवारी देणे भाग पडले. स्वतःचे तोंड आणि स्वतःचे आकडे ही आपली मालमत्ता आहे, हे त्या शेतमजुरांच्या आणि गिरणी कामगारांच्या मुलांना प्रथम या इवल्याशा पुठ्ठ्याने शिकवले. १९७५ च्या निवाड्यापर्यंत पोहोचलेले धैर्य अंशतः तेथे कमावलेले होते, असे मी मानतो.

पत्त्यांनी आणखी एक न्याय केला. टॉप्स दरवर्षी दोन्ही लीगमधील अग्रणी रिलीफ पिचरांचा एक स्वतंत्र पत्ता काढी आणि त्यावर त्यांना आग विझवणारे म्हणून गौरवी. १९७४ च्या अशा पत्त्यावर माइक मार्शल याच्या शेजारी डेट्रॉइटचा जॉन हिलर आहे. या हिलरला १९७१ च्या जानेवारीत, सत्तावीस वर्षांचा असताना, हृदयविकाराचा झटका आला. तो हंगाम बुडाला, पुढच्या वर्षी तो परतला, आणि १९७३ मध्ये त्याने ३८ सामने राखून त्या वेळचा उच्चांक स्थापन केला. मार्शलने तर पुढच्याच वर्षी १०६ सामन्यांत २०८ डाव टाकले आणि सर्वोत्तम पिचरचा सन्मान मिळवणारा पहिला रिलीफ पिचर तो ठरला. ही माहिती एखाद्या खेड्यातील दहा वर्षांच्या मुलाच्या खिशात, गोळीच्या साखरेने माखलेल्या पत्त्यावर, पोहोचत होती. १९७७ चे पत्ते पाहिले तर काही खेळाडूंच्या डोक्यावरील टोपी कुंचल्याने रंगवलेली दिसते, कारण छपाईची तयारी होईपर्यंत ते नोव्हेंबरात दुसऱ्या संघाकडे गेलेले असत आणि नव्या टोपीतील छायाचित्र उपलब्ध नसे. रेगी जॅक्सनचा पत्ता त्याचे प्रसिद्ध उदाहरण. संग्राहक या रंगकामाला हसतात. मला तो इतिहासाचा अस्सल दस्तऐवज वाटतो: मनुष्य आपल्या मर्जीने इतक्या वेगाने हलला की त्याचे चित्र मागे राहिले. आज या जुन्या पत्त्यांचा मोठा बाजार आहे, त्यांची प्रतवारी होते, सट्टाही होतो; त्या व्यापाराशी मला प्रयोजन नाही. पत्त्याच्या मागील बाजूवर माझी दृष्टी आहे.

आपल्याकडे १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत, आणि धावा व बळी जमवून त्यांच्या बदल्यात फरफर पाने उलटली की खेळाडू हलताना दिसे अशी पुस्तिका मिळवता येई. आज पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या अनेकांनी ती जमवलेली आहे. परंतु ती चित्रे जगप्रसिद्ध खेळाडूंची होती, आणि त्यावरील धावा हे बक्षिसाचे चलन होते. रणजी करंडकात वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्याचा पत्ता कोणी काढला नाही.

तो काढावयास हवा होता असा एक मनुष्य पद्माकर शिवलकर. डावखुरे फिरकी गोलंदाज. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे अवघ्या १९.६९ धावा. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर झाला. मुंबईचे दोन डाव १५१ आणि ११३ इतक्यावर आटोपले, म्हणजे सलग पंधराव्या अजिंक्यपदाची आशा जवळजवळ मावळली होती. तेव्हा शिवलकरांनी तामिळनाडूच्या पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले, तामिळनाडू ८० आणि ६१ वर कोसळले, आणि मुंबई १२३ धावांनी जिंकली. आधीच्यांनी मोडलेला डाव सावरून सामना शेवटास नेणे यापरते राखणे ते कोणते? तरीही त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी भारताकडून गोलंदाजी करीत होते आणि संघात दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूला जागा होत नसे. बेदींच्या श्रेष्ठत्वाबद्दल वाद नाही. परंतु न्यूयॉर्कला स्थान न मिळालेला रिलीफ पिचर टेक्सासला जाऊन आपले मोल सिद्ध करू शकत होता. शिवलकरांना देश बदलता येत नव्हता आणि देशापलीकडे दुसरा बाजार नव्हता. सुनील गावसकर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकरांना आणि हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना मानाचे पान दिले, ही सहकाऱ्याने केलेली नोंद; भारतीय क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांना मिळण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर निवर्तले. त्यांच्या ५८९ बळींपैकी प्रत्येकाचा तपशील वहीत आहे म्हणून आज आपण त्यांच्यावर झालेल्या अन्यायाविषयी साधार बोलू शकतो. ज्यांची वहीच राहिली नाही त्यांच्यावरील अन्याय सिद्धही करता येत नाही.

क्रिकेटमध्ये मोकळिकीचा प्रश्न १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी उभा केला, आणि त्याच वर्षी लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्लेड यांनी, पॅकरकडे गेलेल्या खेळाडूंवर घातलेली बंदी ही त्यांच्या उदरनिर्वाहावरील अवैध निर्बंध आहे असा निर्णय दिला. आपल्याकडे मात्र आजही एका राज्य संघटनेकडून दुसरीकडे जावयाचे तर ना-हरकत दाखला लागतो. हा दाखला किती मोलाचा असतो हे राहुरीच्या शेजारच्या श्रीरामपूरला कोणी सांगावयास नको. झहीर खान यांचा जन्म तेथला, १९७८ चा. मुंबईच्या क्रिकेटमध्ये त्यांचे शिक्षण झाले, पण प्रथम श्रेणीचे दार उघडले ते बडोद्यात. तेथून २००० साली ते भारतीय संघात आले, ९२ कसोटींत ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात २१. बडोद्याने त्यांना घेतले नसते तर जिल्ह्यातील आणखी एक वेगवान हात कोठे तरी स्थानिक सामन्यांत झिजला असता, आणि त्याचे नावही आपणास ठाऊक नसते.

कोणी म्हणेल की आयपीएलने हा प्रश्न सोडवला आहे. मला तसे वाटत नाही. लिलावात किंमत मिळते हे खरे, आणि कित्येक गरीब घरांचे त्यात कल्याण झाले हेही खरे. परंतु लिलावात बोली लावणारा निवडतो, ज्याच्यावर बोली लागते तो निवडत नाही. कँपबेलने बोस्टन पसंत केले होते. आपला खेळाडू हातोडा पडेल तिकडे जातो. तरीही या व्यवस्थेने एक उपकार केला, आणि तो प्रवीण तांबे यांच्या रूपाने. मुंबईच्या मैदानांवर, कंपन्यांच्या संघांतून दोन दशके खेळलेला हा लेगस्पिनर एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता २०१३ मध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरला. त्याच वर्षअखेरीस मुंबईच्या रणजी संघात आला. आणि २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध त्याने लागोपाठ तीन गडी टिपले. त्याआधीच्या वीस वर्षांतील त्याच्या गोलंदाजीचे कोष्टक कोणी एकत्र करून ठेवले असते, तर एवढा उशीर झाला असता काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

म्हणून आता आपल्या दारातील गोष्ट. राहुरी तालुक्यात गावोगावच्या स्पर्धा होतात, शाळा-महाविद्यालयांचे सामने होतात, कबड्डी आणि खो-खोही चालतो. खो-खोत तीन-तीन गड्यांच्या तुकड्या संरक्षणास उतरतात, आणि पहिल्या दोन तुकड्या झटपट बाद झाल्यावर तिसऱ्या तुकडीतील एखादा पोरगा मिनिट-दोन मिनिटे पळून सामना ओढून नेतो. टाळ्या पडतात, मिनिटे कागदावर लिहिली जातात, आणि तो कागद संध्याकाळी मंडपाबरोबर गुंडाळला जातो. वृत्तपत्रात विजेत्या संघाचे, चषक देणाऱ्या पाहुण्यांचे आणि व्यासपीठावर उपस्थित असलेल्यांचे नाव येते. शेवटचे षटक टाकून चार धावा राखणाऱ्याचे येईलच असे नाही.

माझी मागणी साधी आणि अल्पखर्चाची आहे. जिल्हा संघटनेने आपल्या आश्रयाखाली होणाऱ्या प्रत्येक सामन्याचे संपूर्ण गुणपत्रक, मधल्या आणि शेवटच्या गोलंदाजांसह, दप्तरी जमा करून घ्यावे आणि त्याची एक प्रत नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे द्यावी; तेथे पोथ्या आणि नकाशे जपले जातात, तेथे गेल्या पन्नास वर्षांच्या मैदानांचेही दप्तर असावे. स्थानिक वृत्तपत्रांनी आठवड्यातून एकदा ही गुणपत्रके पूर्ण छापावीत. आणि दरवर्षी जिल्ह्यातील पंचवीस-तीस खेळाडूंचे पत्ते काढावेत: पुढे छायाचित्र, मागे गाव, शाळा, प्रशिक्षक आणि वर्षावार आकडे, खेळाडूची लेखी संमती घेऊन, आणि विक्रीतील वाटा त्याच्या हाती देऊन, कारण मिलर यांनी शिकवलेला तो धडा आपण पहिल्या दिवसापासून पाळला पाहिजे. राज्य संघटनांनीही ना-हरकत दाखला नाकारावयाचा असेल तर ठरावीक मुदतीत, लेखी कारण देऊन नाकारावा. मोघम विलंबाने कोणाचा हंगाम बुडू नये.

पहिल्या वर्षीचे पत्ते, माझ्या मते, आजच्या मुलांचे नसावेत. १९७० आणि ८० च्या दशकांत या जिल्ह्यातून खेळलेले, आता सत्तरीत असलेले जे गोलंदाज, रेडर आणि संरक्षक हयात आहेत त्यांचे असावेत, कारण त्यांच्या बाबतीत विलंबास वाव नाही. ज्यांच्या घरी अशा जुन्या सामन्यांच्या वह्या, प्रमाणपत्रे किंवा संघाची छायाचित्रे असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी आपल्या गावच्या वाचनालयात दाखवावीत, आणि ग्रंथपालांनी त्यांची नक्कल काढून, मागील बाजूस नावे आणि साल लिहून घेऊन, मूळ कागद मालकास परत करावा.